चौथीतली मुलं एकदम दिलेल्या चार सूचना विसरतात. वर्गात काय करावं?

बहुतेकदा हे दुर्लक्ष नसतं, कार्यकारी स्मृती, म्हणजे काम करताना माहिती थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणारी स्मृती, भरून जाते. मोठ्या माणसालाही एकदम 3 ते 5 नव्या गोष्टीच डोक्यात धरता येतात, नऊ वर्षांच्या मुलाला त्याहून कमी.

कामाचा क्रम फळ्याच्या डाव्या कडेला लिहा, प्रत्येक पायरी दोन-तीन शब्दांत: "पान 32", "उदाहरण उतरवा", "सोडवा", "वही जमा". तास संपेपर्यंत पुसू नका. पायरी झाली की मुलाने स्वतःच्या वहीत बरोबरची खूण करायची. पाचपेक्षा जास्त पायऱ्या झाल्या तर मुलं तिकडे बघणंच सोडतात.

कोकणातल्या द्विशिक्षकी शाळेत तर हे हवंच. तुम्ही वर्गातल्या इतर इयत्तांकडे वळलात तरी काम चालू राहतं, आणि जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तोंडी सूचना मागच्या रांगेपर्यंत पोचतच नाही.

"समजलं का?" विचारू नका, सगळी "हो बाई" म्हणतात. "आधी काय करणार?" असं विचारा.

तीन-चार आठवड्यांनी क्रम मुलांकडूनच सांगून घ्या, नाहीतर ती फळ्यावरच अवलंबून राहतात. स्मरणशक्तीच्या खेळांवर मात्र फार वेळ घालवू नका; खेळात प्रगती दिसते, गणितात ती फारशी उतरत नाही.