वाचक विचारतात : तक्रार केली तर बदली होईल?

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात नियमित सेवेतली वैद्यकीय अधिकारी आहे. प्रसूतिगृहात रात्री ऑक्सिजनचा दाब घसरतो. अधीक्षकांच्या कानावर तीनदा घातलं. आता ‘फार बोलू नका, बदली होईल’ असा निरोप आलाय.

उत्तर : कानावर घातलेलं उद्या कुणालाच आठवत नाही. आजच लेखी द्या. तारीख, वेळ, मीटरवरचं रीडिंग (पाइपलाइनमध्ये साधारण ४ बार दाब लागतो), भरलेले जंबो सिलिंडर किती आणि तेव्हा ऑक्सिजनवर रुग्ण किती, एवढंच लिहा. ‘हलगर्जी’, ‘भ्रष्टाचार’ हे शब्द नकोत. चौकशी मग ऑक्सिजनची न होता तुमच्या भाषेची होते. अर्ज अधीक्षकांच्या नावे, प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना. बारनिशीत (टपालाच्या आवक नोंदवहीत) नोंदवून शिक्क्याची पोच घ्या. लिपिक टाळाटाळ करत असेल तर स्पीड पोस्ट आणि कार्यालयाचा ई-मेल, दोन्ही करा. आठवड्याभरात हालचाल नसेल तर स्मरणपत्र द्या आणि त्याची प्रत छत्रपती संभाजीनगरच्या आरोग्य उपसंचालकांना पाठवा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रुग्णाचा फोटो टाकू नका, पत्रकारालाही देऊ नका. नेमकी तिथेच चांगली माणसं सापडतात : मूळ तक्रार खरी असते, पण कारवाई गोपनीयता आणि वर्तणूक नियमांवर होते.

कायद्याचं म्हणाल, तर गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीचा व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा २०१४ साली मंजूर झाला, पण लागू झालेला नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. उपयोगी पडेल तो महाराष्ट्राचा २००५ चा बदल्यांचा कायदा : मुदतपूर्व बदलीला लेखी कारणं आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. आदेश आलाच तर माहिती अधिकारात प्रस्ताव आणि त्यावरच्या टिपण्या मागा, पण त्यासाठीच्या ३० दिवसांची वाट पाहत बसू नका. बदलीला जिथे आव्हान देतात त्या प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ संभाजीनगरलाच आहे; रुजू होण्याआधीच वकील गाठा. तिथे पोचेवरची तारीख बोलते : आधी तक्रार, मग बदली. कंत्राटी डॉक्टरांना हा बदल्यांचा कायदा लागू नाही, त्यांनी पोच आणखी जपावी.

प्रश्न : एकाच बॅचच्या सलाइननंतर दोन रुग्णांना हुडहुडी भरली. कळवू का? नाव फुटेल?

उत्तर : कळवाच. अर्धवट बाटली आणि सेट फेकू नका. बॅच क्रमांक, मुदत लिहून सील करा, उरलेला साठा बाजूला काढायला सांगा. औषध दुष्परिणामाचा फॉर्म भरा किंवा दुष्परिणाम कळवण्याच्या १८००-१८०-३०२४ या हेल्पलाइनवर फोन करा. कळवणाऱ्याचं नाव गोपनीय ठेवतात. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला मात्र रुग्णालयामार्फत पत्र जाऊ द्या, कारण नमुना त्यांच्या निरीक्षकानेच घ्यावा लागतो.