रोहित (फ्लेमिंगो) आले म्हणजे खाडी सुधारली का?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी ट्रॉम्बे कोळीवाड्यातली, वय ५८. माझा बाबा खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचा. आम्ही पोरी ओहोटीला खडकांवरची कालवं (शिंपल्यातली, ऑयस्टर म्हणतात ती) फोडायला जायचो, टोपली भरून यायची. निवट्या, बोय, चिंबोऱ्या घरी कधी विकत आणाव्या लागल्या नाहीत. तेव्हा गुलाबी पक्षी आम्ही पाहिलेही नव्हते. आता ते हजारोंनी येतात, आणि मोकळा चिखल होता तिथे तिवरांचं, म्हणजे खारफुटीच्या झाडांचं, रान झालंय. कालवं मात्र दिसत नाहीत. परवा नातू शाळेतून आला नि म्हणाला, "आजी, फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली." त्याला काय सांगू?

उत्तर : ताई, आपली ठाणे खाडी स्वच्छ झालेली नाही, हे त्याला सांगाच. पण "घाण आहे म्हणून पक्षी आले" एवढ्यावर थांबू नका, नाहीतर पोराला त्या बिचाऱ्या पक्ष्याचाच राग यायचा.

आपल्याकडे रोहित दोन जातींचे येतात, मोठा आणि छोटा. थव्यात भरणा छोट्याचा. तो मान खाली घालून चोच उलटी करतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर ढकलतो. चोचीच्या आतल्या बाजूला बारीक फणीसारखे दाते असतात, त्यांत शेवाळ अडकतं. तेच त्याचं मुख्य अन्न, आणि अंगावरचा गुलाबी रंगही त्याच अन्नातून येतो. १९९०च्या दशकात शिवडीला त्यांचे मोठे थवे दिसू लागले, तेव्हा मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत होते. विद्यार्थ्यांना घेऊन शिवडीच्या जेटीवर गेले. ओहोटीच्या चिखलावर तपकिरी, सोनेरी तकाकी होती. वरचा चमचाभर थर बाटलीत भरून आणला आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काचेच्या भांड्यासारखं कवच असलेले, दोन्ही टोकांना निमुळते डायटम, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ, त्यात संथ सरकत होते. एक मुलगी म्हणाली, "बाई, ही तर होडकी आहेत!" इतकी वर्षं झाली, चिखलावर तशी तकाकी दिसली की मला तिचा आवाज आठवतो.

आता हे एवढं शेवाळ आलं कुठून? मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई, तिन्हीकडचं सांडपाणी या २६ किलोमीटरच्या खाडीत उतरतं. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो, म्हणजे शेतकरी पिकाला घालतो तेच खत. खत मिळालं की शेवाळ फोफावतं आणि छोट्या रोहिताचं ताट भरतं. पण हेच सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. बोय पोहत दुसरीकडे जाईल. निवटी अंग ओलं ठेवून हवेतही श्वास घेते, ती तगून राहील. कालव काय करणार? त्याचं पिल्लू थोडे दिवस पाण्यात तरंगतं, मग कठीण जागा बघून चिकटतं आणि जन्मभर तिथेच राहतं. तुमच्या त्या खडकांवर गाळ बसला असेल तर त्याला चिकटायलाच जागा नाही. ज्या पाण्याने एकाला बोलावलं, त्यानेच दुसऱ्याला घालवलं. म्हणून पक्ष्यांची संख्या वाढली की सगळं चांगलं झालं, असं कुणी म्हटलं की मी लगेच विचारते, कोण कमी झालं ते पाहिलंत का?

तिवरांचंही ऐका. भराव पडले, पूल झाले, खाडीचा ओघ मंदावला आणि गाळ बसू लागला. तिवराची बी भरतीबरोबर तरंगत येते आणि अशा नव्या गाळावर रुजते. मुळं गाळ धरून ठेवतात, जमीन अजून वर येते, रान पुढे सरकतं. हे निसर्गाचंच चालणं आहे, त्याला वेग मात्र आपण दिला. सगळ्या खाडीभर तिवरच जास्त दिसतो, कारण खारटपणा आणि घाण दोन्ही सोसणारं झाड ते. (त्याच्या पानाच्या पाठीला बोट लावून चाटायला सांगा नातवाला. झाड मीठ बाहेर टाकतं, ते जिभेला लागेल.) आहे ते तिवर एकही तुटू नये, त्यासाठी २००५ सालचा उच्च न्यायालयाचा आदेशही आहे. पण वृक्षारोपण म्हणून मोकळ्या चिखलावर तिवर लावायला मात्र माझा विरोध आहे. तो चिखल ओसाड नाही. रोहित, तुतारी, कोरल हे सगळे पक्षी तिथेच चरतात. रानाने चिखल झाकला की त्यांचं ताट गेलं.

ठाणे खाडीत रोहितांचं अभयारण्य २०१५ साली झालं, २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, झाली. मला त्याचा मनापासून आनंद आहे. तरी खाडीची मूळ नोंद तुमच्यासारख्यांकडे आहे. नातवाने डोळे उघडले तेव्हा रोहित होतेच, कालवं नव्हतीच, त्यामुळे त्याला खाडी म्हणजे हीच वाटणार. तुम्ही सांगितलं नाही तर त्या टोपलीचा कुठे पत्ताच राहणार नाही.

तेव्हा एक वही करा. बाबा कुठे पाग टाकायचे, उधाणाला (मोठ्या भरतीला) काय मिळायचं, भांगाला (लहान भरतीला) काय, कालवांचे खडक नेमके कुठे होते, कुठलं मासळीचं नाव आता घरात कुणी घेत नाही, हे सगळं तुमच्या बोलीत सांगा आणि नातवाला लिहू द्या. पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला त्याला त्या खडकांपाशी घेऊन जा. वेळ तुम्हाला मी सांगायला नको. गाळाखाली खडक हाताला लागतो का ते बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा.