वॉरंटी संपली, पण दोष तर आधीपासूनच होता

प्रश्न : माझ्या ऑटोमॅटिक गाडीची ३ वर्षांची वॉरंटी गणेश चतुर्थीच्या आसपास संपली. दुसऱ्या वर्षापासूनच पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके द्यायची, सर्व्हिसिंगला दिली की 'या मॉडेलचं असंच असतं, नॉर्मल आहे' म्हणायचे. आता तेच लोक गिअरबॉक्सचा पार्ट गेला म्हणून ९० हजारांचं एस्टिमेट देतायत. पदरचे पैसे भरू, की बाहेर स्वस्तात करून घेऊ?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : एवढ्यात एस्टिमेटवर सही करू नका आणि बाहेर तर गिअरबॉक्स अजिबात खोलू देऊ नका, एकदा बाहेरचा हात लागला की कंपनीला आयतं निमित्त मिळतं. तुमची बाजू भक्कम आहे, कारण दोष वॉरंटीत असतानाच दिसला होता, फक्त ते कागदावर हवं. जुनी जॉब कार्डं (गाडी सर्व्हिसिंगला देताना कामं लिहितात तो कागद) काढा, त्यात गिऱ्हाइकाची तक्रार लिहायचा रकाना असतो, तिथे 'गिअर जर्क' असं काही आहे का बघा. बरेचदा अ‍ॅडव्हायझर तोंडी ऐकून घेतो आणि कार्डावर नुसतं 'जनरल चेकअप' लिहितो, तसं झालं असेल तर त्या वेळचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज शोधा, तेही कामाला येतात.

मग डीलरशी भांडत बसू नका, वॉरंटीबाहेरचा खर्च मंजूर करते ती कंपनी. कंपनीला ईमेल टाका, चासी नंबर, किलोमीटर, कार्डांचे फोटो लावा आणि 'गुडविल वॉरंटी'त (म्हणजे मुदत संपली तरी कंपनीनं आपखुशीनं खर्च उचलणं) पार्ट बदलून द्या असं त्याच शब्दांत मागा. सगळी सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच केली असेल तर जोर येतो. पार्ट कंपनीचा, लेबर तुमचं अशी तोड पुष्कळदा निघते, पण पहिल्याच ऑफरला हो म्हणायची घाई नको.

कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून रिकॉल (ठरावीक दोष असलेल्या गाड्या कंपनीनं दुरुस्तीला परत बोलावणं) आहे का तेही बघा. रिकॉलचं काम फुकट होतं, वॉरंटी संपलेली असो नाहीतर गाडी सेकंडहँड असो. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांसाठी असाच रिकॉल झाला, आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्ण-दमट हवेनं बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना इन्फ्लेटर (ती फुगवणारा भाग) फुटून धातूचे तुकडे अंगावर यायचे, म्हणजे आपल्या गोव्यासारख्या हवेत धोका जास्तच. घरात जुनी गाडी असेल तर तिचाही नंबर आजच तपासा, हे अगदी हात जोडून सांगतो.

कंपनीनं नकार दिला तर तो लेखी घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथेही नाही जमलं तर पर्वरीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे (दक्षिण गोव्यातल्यांना मडगाव), २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथेच केस घालता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. गाडी ५ ते १० लाखांची असेल तर फी फक्त २०० रुपये, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही चालतं. वॉरंटीत तक्रार केली तेव्हा 'नॉर्मल' म्हणून परत पाठवलं, ही सेवेतली त्रुटी आहे असं तिथे ठासून मांडा. मुदत २ वर्षांची असते आणि ती कधीपासून मोजायची यावर समोरचा वकील हमखास वाद घालतो, म्हणून ईमेलांच्या नादात महिने घालवू नका.

गाडीवाचून अडतच असेल तर काम करून घ्या, पण 'हरकत नोंदवून पैसे भरत आहे' असं बिलावर लिहा आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या, उद्या तोच तपासणीला पाठवायला लागू शकतो.