जुन्या वायफाय राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकावं का? राऊटर कायमचा बिघडला तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राऊटर टीपी-लिंकचा आर्चर सी७, कंपनीकडून अपडेट येणं थांबलंय, कनेक्शन ५० एमबीपीएसचं. मुलाने काही अपलोड करायला घेतलं की तुमचा ऑफिसचा व्हिडिओ कॉल अडखळतो. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, काढून त्याजागी घालायचं खुलं सॉफ्टवेअर) टाकून हे सुटेल का, आणि टाकताना राऊटरची वीट झाली, म्हणजे तो कायमचा बंद पडला, तर?

सुटेल. वीटही बहुधा होणार नाही. पण काहीही डाउनलोड करायच्या आधी राऊटर उलटा करा.

तळाला स्टिकर आहे. त्यावर मॉडेलच्या नावाशेजारी बारीक अक्षरात व्हर्जन छापलेलं असतं. सगळा खेळ त्या आकड्यावर आहे, कारण एकाच नावाच्या डब्यात वेगवेगळी यंत्रं विकली जातात. सी७ चं व्हर्जन १ असेल तर त्याचा ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ ओपनडब्ल्यूआरटीवर चालत नाही, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका. व्हर्जन २ किंवा ५ असेल तर १६ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) आणि १२८ एमबी रॅम आहे, निवांत चालतं. मात्र २ ची फाइल ५ ला चालत नाही आणि ५ ची २ ला चालत नाही. हे वाचणाऱ्या इतरांसाठी: घरोघरी दिसणारा तो डब्ल्यूआर८४१एन असेल, तर त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच आहे. ओपनडब्ल्यूआरटीने २१.०२ पासून किमान ८ आणि ६४ ची अट ठेवली आहे. जुनी आवृत्ती ओढूनताणून बसवता येते, पण सुरक्षेसाठी फर्मवेअर बदलायचं आणि अपडेट बंद झालेलंच टाकायचं, याला काय म्हणावं!

आणि फायबरवाल्याने भिंतीवर बसवून दिलेला डबा असेल तर त्याला हात लावू नका. तो त्यांचा असतो, आणि लाइन त्याच्याशीच बांधलेली असते. त्याच्या मागे आपला राऊटर जोडायचा आणि जे करायचं ते त्यावर.

आता मूळ दुखण्याकडे. कॉल नेमका कधी अडखळतो हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण 'आतल्या खोलीत रेंज येत नाही' अशी तक्रार असती तर मी सरळ नको म्हणालो असतो. भिंत फर्मवेअरने पातळ होत नाही. तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा वेगळा डबा) लावायचा किंवा राऊटरची जागा बदलायची. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुमचं प्रकरण रांगेचं आहे. मुलाचा अपलोड सुरू झाला की त्याची पॅकेट्स पुढच्या मोडेममध्ये गर्दी करतात आणि तुमच्या आवाजाची चिमुकली पॅकेट्स त्यांच्या मागे अडकतात. खंबाटकी घाटात ट्रकांच्या रांगेमागे दुचाकी अडकते ना, तसंच. प्लॅन वाढवला तरी मोठा अपलोड आला की हे पुन्हा होऊ शकतं.

ओपनडब्ल्यूआरटीवर एसक्यूएम नावाचं पॅकेज मिळतं. ते आपला वेग मुद्दाम थोडा कमी धरतं, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता आपल्याच राऊटरमध्ये लागते, आणि तिथे प्रत्येकाला पाळीपाळीने सोडता येतं. पद्धत 'केक' निवडायची, स्क्रिप्ट 'पीस ऑफ केक' (नाव खरंच तेच आहे), आणि प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५-९० टक्के आकडा भरायचा. ५० मिळत असतील तर ४५,०००, कारण तिथे किलोबिट लागतात. लोक ४५ भरतात आणि मग नेट मेलं म्हणून ओरडतात. नेट पीपीपीओईने (यूझरनेम-पासवर्ड भरून) येत असेल तर इंटरफेस पीपीपीओई-वॅन निवडा. तपासायचं असेल तर एका खिडकीत पिंग (उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि दुसरीकडे मोठी फाइल अपलोडला लावा. माझ्याकडे पिंग वीसवरून चारशेच्या घरात उडी मारायचं. एसक्यूएम लावल्यावर तिशीच्या आसपास राहायला लागलं. घरच्यांना बाकी काही कळलं नाही, पण 'हॅलो, ऐकू येतंय का' बंद झालं.

५० एमबीपीएसला सी७ चा प्रोसेसर पुरतो. उद्या ३०० चा प्लॅन घेतलात तर एसक्यूएमसकट तो दमेल. शिवाय कंपनीच्या फर्मवेअरमधली हार्डवेअरची वेगवाढही या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यावर मिळत नाही.

वीट होण्याची भीती मलाही होती, आणि ती खरी ठरली. २०१९ ची गोष्ट, माझ्याकडे सी७ चं व्हर्जन २. फाइल चढवली, पट्टी अर्ध्यावर आली आणि लाईट गेली. दोष माझाच: लॅपटॉपला बॅटरी होती, राऊटरला नव्हती. लाईट आल्यावर एकच दिवा लागला, बाकी शांत. त्या रात्री कळलेली कामाची गोष्ट ही, की या राऊटरमध्ये बूटलोडर (राऊटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) वेगळ्या कप्प्यात असतो आणि फर्मवेअर अर्धवट लिहिलं गेलं तरी तो शाबूत राहतो. सुरू होताना रिसेट दाबून धरलं तर तो १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर एक ठरावीक नावाची फाइल मागतो. म्हणून लॅपटॉपला हाच पत्ता हाताने द्यायचा, टीएफटीपी सर्व्हर (केबलवरून फाइल देणारा छोटा प्रोग्राम) चालू करायचा, विंडोजची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद करायची, आणि फाइलला 'आर्चरसी७व्ही२_टीपी_रिकव्हरी.बिन' हे नाव रोमन अक्षरांत द्यायचं. व्हर्जन ५ असेल तर नावात व्ही५.

हे करूनही दीड तास काहीच होईना. शेवटी लक्षात आलं: राऊटर सुरू होऊन फाइल मागतो तेव्हा लॅपटॉपचं नेटवर्क पोर्ट अजून जागं होत असतं. ते जागं होईपर्यंत राऊटरने नाद सोडलेला असतो. मधे एक साधा पाच पोर्टचा स्विच लावला, लॅपटॉपची केबल स्विचमध्ये, स्विचची राऊटरच्या लॅन पोर्टमध्ये. लॅपटॉपच्या बाजूचं पोर्ट आता सतत जागं. पुढच्याच प्रयत्नात टीएफटीपीच्या खिडकीत फाइल सरकताना दिसली. तो स्विच मी अजून फेकलेला नाही.

तेव्हा परतीची वाट आधी बांधा: कंपनीचं मूळ फर्मवेअर, ओपनडब्ल्यूआरटीची 'फॅक्टरी' फाइल, टीएफटीपी सर्व्हर आणि तुमच्या मॉडेलचं माहितीचं पान, हे सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेवा. दोन फाइली दिसतील. पहिल्यांदा चढवायची ती 'फॅक्टरी'. 'सिसअपग्रेड' नंतर, ओपनडब्ल्यूआरटीवरून ओपनडब्ल्यूआरटीवर जाताना. शा२५६ ची बेरीज (फाइल नीट उतरली का हे कळण्यासाठी तिच्यासोबत दिलेला आकडा) जुळते का पाहा. केबल लावूनच करा, वायफायवरून नाही. आजकालच्या लॅपटॉपला लॅन पोर्ट नसतं, यूएसबीचं अडॅप्टर आणून ठेवा. राऊटर इन्व्हर्टरवर. बाकी काम कंपनीच्याच अपग्रेडच्या पानावर फाइल निवडून बटण दाबण्याचं, पाचेक मिनिटांचं. पान फाइल नाकारत असेल तर नाव छोटं करून बघा. लांब नाव त्याला कधी कधी पचत नाही.

सुरू झाल्यावर वायफाय दिसणार नाही. घाबरू नका, ओपनडब्ल्यूआरटीत ते मुळातच बंद असतं. लॅपटॉपचा पत्ता पुन्हा ऑटोमॅटिक करा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, नाव रूट, पासवर्ड रिकामा. पहिलं काम पासवर्ड ठेवण्याचं, दुसरं वायफायमध्ये देश 'भारत' निवडण्याचं, मग रेडिओ चालू.

खरी अडचण बहुतेकांना इथून पुढे येते, आणि तिचा विटेशी काही संबंध नसतो. राऊटर उत्तम चालू, पण नेट नाही. एक कारण पीपीपीओई. यूझरनेम आणि पासवर्ड केबलवाल्याच्या माणसाने चार वर्षांपूर्वी भरलेला, कुणी लिहून ठेवलेला नाही. मी हे रविवारी सकाळी केलं. केबलवाल्याने फोन उचलला सोमवारी अकराला. तोवर सगळं घर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि माझ्याकडे कोण कसं बघत होतं ते सांगत नाही. आधी जुन्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. वॅनचा (नेटची केबल येते त्या पोर्टचा) मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, हाही टिपून ठेवा. काही केबलवाले लाइन मॅकशी बांधतात, मग तोच पत्ता नव्या सेटिंगमध्ये भरावा लागतो.

दुसरं कारण जास्त छुपं. पुढच्या फायबरच्या डब्याचा पत्ताही पुष्कळदा १९२.१६८.१.१ च असतो. दोघे एकाच पत्त्यावर बसले की कोण कुणाकडे जाणार? ओपनडब्ल्यूआरटीत लॅनचा पत्ता १९२.१६८.५.१ असा काहीतरी करून टाका, नेट येईल.

पुढे मोठं अपग्रेड करताना सेटिंग्ज राहतात, पण वरून टाकलेली पॅकेजेस जातात. एसक्यूएम पुन्हा टाकावं लागेल, हे कागदावर लिहून राऊटरलाच चिकटवा. ॲडब्लॉकच्या नादाने कुणी हे करत असेल तर अपेक्षा बेताची ठेवा. वर्तमानपत्रांच्या साइट्स हलक्या होतात, यूट्यूबच्या जाहिराती जात नाहीत.

डब्ल्यूआरटी हे नाव कुठून आलं असंही तुम्ही विचारलंत. लिंक्सिसने २००२ च्या शेवटी डब्ल्यूआरटी५४जी हा राऊटर काढला. त्यात लिनक्स आहे हे २००३ मध्ये लोकांनी शोधलं, आणि जीपीएल परवान्यामुळे कंपनीला सोर्स खुला करावा लागला. त्यातूनच जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, याच मंडळींनी स्वतःचा 'ओपनडब्ल्यूआरटी वन' राऊटर आणला. त्यात दोन वेगळ्या फ्लॅश चिप आहेत. एक बिघडली तर मागचं बटण सरकवून दुसरीवरून सुरू करायचा. लाईट गेल्याचा अनुभव त्यांनाही असणार.

स्टिकरवरचा व्हर्जनचा आकडा खाली लिहा, आणि नेट पीपीपीओईने येतं की नाही तेही. फोटो टाकलात तर सिरियल नंबर आणि वायफायचा छापील पासवर्ड बोटाने झाका. कुठली फाइल घ्यायची ते सांगतो.