कानामागं सूज आली तर त्याच दिवशी दाखवा

प्रश्न : डॉक्टर, मुलगा दीड वर्षाचा आहे, सर्दी झाली मग कान फुटला, पू आला. अँटिबायोटिक दिलेलं पण ताप उतरला म्हणून आम्ही मधेच बंद केलं. आता परत ताप, कानामागं लाल सूज, हात लावू देत नाही आणि तो कान पुढं आल्यासारखा दिसतोय. सासूबाई म्हणतात गालगुंड आहे, लसूण तेलात कडकवून सोडूया. काय करू?
– एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे की आजच्या आज कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं न्या, इथं बाकीच्या आयांसाठी लिहितोय. गालगुंडाची सूज कानाच्या पुढं आणि खाली, जबड्याकडं येते. तुम्ही सांगताय ती मागं आहे. बाळाला मांडीवर पाठमोरं बसवा आणि दोन्ही कान एकदम बघा, एक कान बाहेर ढकलल्यासारखा दिसला, कानामागची घडी सुजून भरून गेली असली आणि तिथं दाबल्यावर बाळ कळवळलं तर कानामागच्या हाडात, म्हणजे मॅस्टॉइडमध्ये, इन्फेक्शन गेलंय असं धरूनच चालायचं.

हे हाड आतून मधाच्या पोळ्यासारखं पोकळ असतं आणि मधल्या कानाला जोडलेलं असतं, म्हणून कानातला पू तिकडं शिरतो. लहान मुलांची नाकापासून कानाकडं जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळं सर्दी झाली की कान लगेच धरतो. हाडाच्या पलीकडं मेंदूचं आवरण आहे, चेहऱ्याची नस तर त्या हाडातूनच जाते. तोंड वाकडं झालं, उलट्या, मान कडक, पोर सुस्त पडलं तर एक तासही घरी थांबू नका, रात्र असली तरी सीपीआरला (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा.

अॅडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक देतात. एक-दोन दिवसात उतार नाही पडला किंवा पू साठल्याची शंका आली की सीटी स्कॅन करतात. गरज पडली तर कानाच्या पडद्याला बारीक छेद देऊन पू काढतात, नाहीतर हाडाचं ऑपरेशन. ऑपरेशन म्हटलं की घरचे घाबरतात, कळतं मला, पण पू आत ठेवणं त्याहून कितीतरी वाईट. बरं झाल्यावर ऐकण्याची तपासणी मात्र करून घ्याच.

आणि तेल नको, पडदा फुटलेल्या कानात तर थेंबभरही नको. कोर्स सांगितला तेवढे दिवस पुरा करा, ताप उतरला म्हणजे जंतू मेले असं नसतं. बाळाला आडवं झोपवून बाटली देऊ नका, घरात बिडी-सिगारेटचा धूर नको. कान धरायला लावणाऱ्या एका जंतूवरची न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिन्यांना, कार्ड काढून बघा.

प्रश्न : वय 24, कान लहानपणापासून वाहतो, घाण वास येतो पण दुखत नाही. पंचगंगेत पोहायला जाऊ का?
– वाचक, शिरोली

उत्तर : पोहणं सध्या बंद. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका भाऊ, वास मारणारा पू म्हणजे पडद्यामागं कातडी वाढून हाड कुरतडत असण्याची शक्यता असते आणि तसं असेल तर नुसत्या ड्रॉप्सनी ते जात नाही, ऑपरेशनच लागतं. दुर्बिणीतून कान तपासून घ्या. अंघोळीला कापसाला व्हॅसलिन लावून कानात बोळा घाला. चक्कर यायला लागली किंवा कमी ऐकू यायला लागलं तर महिनाअखेरच्या सुट्टीची वाट बघू नका.