वचन खोटे ठरले का?

प्रश्न : माझे यजमान गेल्या वर्षी उपवासकाळात कर्करोगाने गेले. अकरा महिने ते अंथरुणाला खिळून होते. ‘मी तुला रोगमुक्त करणारा परमेश्वर आहे’ हे वचन आम्ही पुठ्ठ्यावर लिहून खाटेच्या डोक्याशी लावले होते. प्रार्थनेला येणाऱ्या भगिनी त्या पुठ्ठ्यावर हात ठेवून ‘वचनावर हक्क सांगा’ असे म्हणत. ते गेल्यावर त्यांच्यापैकीच एकीने ‘विश्वास कुठेतरी कमी पडला’ असे मला ऐकवले. आता कबरीवर दगड बसवायचा आहे आणि दिरांना त्यावर तेच वचन कोरून हवे आहे. मला तर ते वाचवतही नाही. शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवते असे मी दर रविवारी मंडळीबरोबर म्हणते. पण देवाने हे वचन पाळले नाही, तर ते तरी तो पाळेल असे कशावरून मानू?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य आपण मनातून काढून टाकावे, कारण ते बोलण्याचा अधिकार त्या भगिनीला नव्हता. लाजर मरून चार दिवस झाल्यावर प्रभू येशू बेथानीस पोहोचला, तेव्हा मार्थेने त्याला तोंडावर सांगितले की आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीयेनेही तीच तक्रार केली. प्रभूने दोघींपैकी एकीलाही अविश्वासी ठरवले नाही. काही क्षणांतच लाजराला बाहेर बोलावणार हे ठाऊक असूनही तो कबरीकडे जाताना रडला.

आता पुठ्ठ्यावरच्या वचनाकडे वळू. ते बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 15व्या अध्यायातले आहे. तांबडा समुद्र ओलांडल्यावर तीन दिवस इस्राएल लोकांना रानात पाणी मिळाले नाही, आणि मारा येथे मिळाले ते कडू निघाले. ते पाणी गोड करून दिल्यावर देवाने आज्ञापालनाची अट घालून सांगितले की मिसरी लोकांवर पाठवलेले रोग मी तुमच्यावर पाठवणार नाही. हे शब्द एका राष्ट्राला उद्देशून आहेत. त्यांतून देवाचा स्वभाव कळतो आणि म्हणून आजाऱ्यासाठी त्यांच्या आधारे प्रार्थना करण्यात काहीच वावगे नाही. परंतु अमुक रुग्ण अमुक दिवसात उठून बसेल असा करार त्यांत नाही. त्या वाटचालीत, पुढे इस्राएल लोकांचा पुढारी झालेला यहोशवाही होता. पुढे म्हातारपणी त्याने लोकांना एकत्र बोलावून जे सांगितले ते यहोशवाच्या 23व्या अध्यायातील 14व्या ओवीत आपण स्वतः काढून वाचावे. मी आता सर्व जगाच्या वाटेने जाणार आहे, असे तो म्हणतो, आणि त्याच ओवीत पुढे म्हणतो की देवाने दिलेल्या हितवचनांपैकी एकही फुकट गेले नाही. मरायला टेकलेल्या माणसाला या दोन गोष्टी एका दमात बोलताना अडखळावे लागले नाही. वचनावर ‘हक्क सांगण्याची’ भाषा मला पटत नाही ती यामुळेच. सात-बारावर नाव लावावे तसे देवाच्या शब्दावर नाव लावता येत नाही.

अब्राहामाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तो 75 वर्षांचा असताना घरदार सोडून निघाला आणि इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा होता. सगळा कनान देश तुझ्या संतानाला देईन, असे वचन त्याला मिळाले होते. त्याची बायको सारा 127 व्या वर्षी वारली, तेव्हा त्या देशात तिला पुरण्यापुरतीही जागा त्याच्या मालकीची नव्हती. हेब्रोनजवळची मकपेलाची गुहा त्याने एफ्रोन हित्तीकडून रूपे तोलून 400 शेकेलांना (शेकेल हे त्या काळचे वजन) विकत घेतली. त्याचा तपशील, शेतातल्या झाडांसकट, उत्पत्तीच्या 23व्या अध्यायात खरेदीखतासारखा दिला आहे. वचनदत्त देशातली त्याची पहिली खरेदी म्हणजे बायकोची कबर. पुढे त्यालाही तिथेच पुरले. त्याने आणि त्याच्या घराण्याने वचने दुरून पाहिली व त्यांना वंदन केले, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. अब्राहामाचा विश्वास कमी पडला असे आजवर कोणीही म्हटलेले नाही.

तेव्हा आपल्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पहिले पत्र लिहिले ते इ. स. 55 च्या सुमारास, म्हणजे प्रभूच्या मरणानंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी. त्याच्या 15व्या अध्यायात, उठलेला प्रभू कोणाकोणाला दिसला याची यादी आहे. एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना तो दिसला, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत आणि कित्येक महानिद्रा घेत आहेत, असे पौल लिहितो. ‘हयात आहेत’ याचा अर्थ, ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावे. मला मात्र आपल्यासाठी ‘महानिद्रा’ हा शब्द अधिक मोलाचा वाटतो. ज्यांनी उठलेल्या प्रभूला डोळ्यांनी पाहिले, तेही आजारी पडले आणि मेले. पौल ते सहज लिहून जातो, कारण पुनरुत्थानाचे वचन मरण चुकवण्याचे नाहीच. ते कबरीत असलेल्यांसाठीच दिलेले आहे. तिथे पोहोचण्याआधी ते पुरे व्हायचे नाही. मृत्यूला तो ‘शेवटला शत्रू’ म्हणतो आणि तो नाहीसा केला जाईल असे भविष्यकाळात लिहितो. (लाजर उठला खरा, पण पुढे केव्हातरी त्यालाही पुन्हा मरावेच लागले असणार, प्रभू उठला तो पुन्हा न मरण्यासाठी.) आपल्या यजमानांच्या बाबतीत ते वचन मोडलेले नाही; त्याची वेळ अजून यायची आहे. तोवर रडू येईल. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने आशा नसलेल्यांसारखे दुःख करू नका असे लिहिले, दुःखच करू नका असे लिहिलेले नाही.

दगडाबद्दल आपल्या दिरांशी वाद घालू नये. त्यांचेही भावावर प्रेम होते. मात्र जे वचन वाचताना आपल्याला रुग्णाची खोली आठवते ते तिथे कोरू नये, एवढे त्यांना स्पष्ट सांगावे. मार्थेला प्रभूने दिलेले उत्तर, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’, त्यांना वाचून दाखवावे. ते चारपाच शब्दांचे आहे, लहान दगडावरही मावेल. पुठ्ठा अजून भिंतीवर असेल, तर तो काढण्याची घाई करू नये.