लंगडते, लाळ गळते: लाळ्या की तिवा?

दादा, तुम्ही लिहिलंय की जर्सी गाय कालपासून चारा खात नाही, मागचा पाय लंगडते, लाळ गळते, दूध निम्म्यावर आलंय. लाळ्या खुरकूत समजून मेडिकलमधून इंजेक्शन आणू का? नको. आधी गायीचं तोंड उघडून बघा.

दोन माणसं लागतील. हातमोजे घालून जीभ बाजूला ओढा आणि जिभेवर, हिरड्यांवर, वरच्या ओठाच्या आत फोड किंवा सोललेली लाल जागा दिसते का ते बघा. मग खूर धुऊन बेचक्यात बघा. लाळ्यात तोंडात, खुरात किंवा सडांवर सहसा फोड सापडतात, आणि गाय मचमच आवाज करत राहते. जीभ-खूर स्वच्छ आणि गाय सकाळी उजव्या पायाने, संध्याकाळी डाव्या पायाने लंगडत असेल, तर मला तिवाच, म्हणजे तीन दिवसांचा ताप, वाटतो. तिव्यात लाळ गळते ती गिळता येत नाही म्हणून, फोडांमुळे नव्हे.

इथंच लोक घोळ करतात. खात नाही म्हटलं की बाटलीने काढा, गूळपाणी, तेल पाजतात. गिळता न येणाऱ्या गायीला पाजलेलं सरळ फुफ्फुसात जातं. तिव्याने सहसा न मरणारी गाय मग न्यूमोनियाने मरते. पाणी समोर ठेवा, तिचं ती पिईल.

ताप कानाला हात लावून कळत नाही. साधं डिजिटल थर्मामीटर घ्या, दोरी बांधा, गुदद्वारात थोडं तिरकं धरा, म्हणजे टोक शेणात न राहता आतल्या भिंतीला टेकेल. गायीचा ताप 101 ते 102.5 फॅरनहाइट असला तर ठीक. तिव्यात पहिल्या दिवशी 105-106 पर्यंत चढतो आणि पुढे स्वतःहून उतरतो, त्यामुळे आज ताप नाही म्हणून तिवा नाही असं धरू नका. उलट ताप कमी, कान थंडगार, मान पोटाकडे वळवून बसलेली आणि नुकतीच व्यालेली, तर तो दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी त्यात ताप नसतो. तिथे शिरेतून कॅल्शियम लागतं, तेही हळूहळू आणि डॉक्टरांच्याच हातून.

तिवा डासांनी, चिलटांनी पसरतो. गोठ्यात संध्याकाळी धूर करा. गाय बसली तर खाली जाड पाचट टाका, दोन्ही बाजूंना पोती लावून छातीवर सरळ बसवा, दर काही तासांनी कूस बदला. बहुतेक गायी तीन-चार दिवसांत उठतात.

वेदनेचं इंजेक्शन डॉक्टर ठरवतील. मेडिकलवाला डायक्लोफिनॅक पुढे करेल, पण जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे. मेलेल्या जनावरांतून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं संपत आली.

फोड सापडले तर मात्र गाय लगेच वेगळी बांधा आणि वासरू तिला लावू नका. लाळ्यात लहान वासरांच्या हृदयावर घाला पडतो, फोड दिसायच्या आतच ती दगावतात.

आणि गळ्याखाली सूज, घशात घरघर दिसली तर थर्मामीटर शोधत बसू नका. तो घटसर्प असू शकतो, म्हशीला तर एका दिवसात नेतो. तसं काही दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा. एरवी 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करून ताप, रवंथ, शेण, लघवीचा रंग आणि व्यायल्याची तारीख सांगा. लघवी कॉफीसारखी असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, कारण मग गोचिडांचा आजार धरून उपचार वेगळा होतो.